फोटोच्या पाठीमागे काय लिहिले आहे?

पारनेर तालुक्यातील एका गावी शिक्षकांच्या बैठकीसाठी गेलो असताना शाळेच्या कपाटातील जुने कागद चाळण्याची संधी आम्हाला मिळाली. हजेरीपट होते, नकाशांच्या गुंडाळ्या होत्या, आणि सर्वांत खाली पोस्टकार्डाएवढा एक कृष्णधवल फोटो होता. मागे बोडकी टेकडी, पुढे मातीचा अर्धवट बांध, आणि त्यावरून ओळीने पाट्या वाहणाऱ्या पंचवीस-तीस बाया. फोटो उलटा करून पाहिला. मागे पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते: ‘दुष्काळी काम’.

कोणता दुष्काळ? कोणत्या गावचे काम? बैठकीला आलेल्या तीन शिक्षकांनी तीन गावांची नावे सांगितली आणि तिघेही आपापल्या म्हणण्यावर ठाम होते. टेकडी, बांध, बाया हे सारे फोटोत स्पष्ट होते. पण गाव, वर्ष, त्या बायांची नावे आणि फोटो काढणारा कोण, या गोष्टी फोटोत आपोआप उमटत नाहीत. त्या कोणाला तरी लिहाव्या लागतात.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात आणि मोबाइलमध्ये अशी माहिती फोटोच्या फाइलमध्येच साठवता येते. तिला मेटाडेटा म्हणतात. मेटाडेटा म्हणजे माहितीविषयीची माहिती. शब्द नवा असला तरी गरज फोटोइतकीच जुनी आहे. तिचा इतिहास थोडक्यात पाहू या, आणि शक्य तेथे नगर जिल्ह्यातलीच उदाहरणे घेऊ या.

काचेवरचा क्रमांक

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी हौशी मंडळी तिच्यात होती. त्या काळी फोटो काचेवर घेत. काचेची ती निगेटिव्ह नंतर पेटीत जाई. एका पेटीत शंभर काचा असतील तर कोणती काच कुठली, हे नुसते पाहून कसे कळणार? म्हणून काचेच्या कडेला क्रमांक घालत आणि त्या क्रमांकापुढे नोंदवहीत स्थळ, वस्तू व दिशा लिहीत. काच आणि वही अशी ती जोडी होती. वही हरवली की काच मुकी झाली.

पश्चिम भारतातील पुरातत्त्व पाहणीत जेम्स बर्जेस आणि त्यांच्यामागून हेन्री कझिन्स यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले. मुंबई इलाख्यातील प्राचीन अवशेषांची जिल्हावार यादी बर्जेस यांनी १८८५ मध्ये छापली आणि कझिन्स यांनी १८९७ मध्ये ती सुधारून वाढवली. कझिन्स यांचे दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले. त्यात अकोले तालुक्यातील रतनवाडीचे अमृतेश्वर आणि श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावचे लक्ष्मीनारायण ही मंदिरे आहेत. ज्यांनी रतनवाडी पाहिली आहे त्यांना भंडारदऱ्याचे पाणी आठवत असेल. ते धरण १९२६ साली पुरे झाले. म्हणजे त्या परिसराच्या फोटोवर वर्ष नसेल, तर फोटोत पाणी का दिसत नाही या साध्या प्रश्नाला उत्तर देता येणार नाही. पाणी अजून अडवले नव्हते, की उन्हाळ्यात आटले होते?

वर्षासारखीच गावाच्या नावाचीही गंमत आहे. समजा, १९०० सालच्या एका फोटोखाली नुसते ‘अहमदनगर’ लिहिले आहे. आपण लगेच भुईकोट किल्ल्याची आठवण काढू. पण त्या काळी मुंबई इलाख्यातच, आजच्या गुजरातेत, ईडर संस्थानामध्ये आणखी एक अहमदनगर होते. १९१२ साली त्याचे नाव हिंमतनगर झाले. आपल्या नगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. आता उद्याचा विद्यार्थी संगणकावर ‘अहिल्यानगर’ एवढाच शब्द घालून जुने फोटो शोधू लागला, तर त्याला २०२४ पूर्वीचे फारसे काही सापडणार नाही. म्हणून फोटोखाली त्या वेळचे नाव आणि आजचे नाव अशी दोन्ही लिहिण्याची पद्धत चांगली. नावे बदलतात, गावे उठतात, तालुके फुटतात. अक्षांश-रेखांश मात्र तेच राहतात. अर्थात तेही वाटते तेवढे सोपे नाही. त्याकडे आपण नंतर वळू.

दायमाबादचा रथ

जागेची नोंद हरवली तर नुकसान किती होते, हे पाहण्यासाठी क्षणभर फोटो बाजूला ठेवू. जिल्ह्यातील दोन उत्खनने समोर ठेवली की मुद्दा स्पष्ट होतो.

नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खणले. अशा उत्खननात प्रत्येक वस्तू कोणत्या चरात, कोणत्या थरात आणि किती खोलीवर मिळाली हे लिहितात. फोटो घेताना शेजारी मोजपट्टी ठेवतात आणि उत्तर दिशा दाखवतात. खापराचा एक तुकडा घ्या. तो कोणत्या थरातला हे माहीत असेल तर तो काळाचा साक्षीदार होतो. माहीत नसेल तर ते नुसते खापर.

दुसरे उदाहरण दायमाबादचे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी ही जागा आहे. १९५८ पासून तेथे पुरातत्त्वज्ञांचे लक्ष होते. १९७४ साली एका शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना चार वस्तू मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला, हाकणाऱ्या माणसासह असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्या ब्राँझच्या आणि ओतीव. एकट्या रथाचीच लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर. आपल्या देशातील प्राचीन धातुकामात या वस्तूंचे स्थान फार वरचे आहे.

पण त्यांचा काळ कोणता? एम. एन. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी या तिघांनीही दायमाबादला उत्खनन केले होते. त्यांनी या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूची तपासणी पाहून शंका घेतली. या वस्तूंत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे आणि ताम्रपाषाणयुगातील इतर वस्तूंत असा मिश्रधातू आढळत नाही, तेव्हा या वस्तू बऱ्याच नंतरच्या असू शकतील, असे त्यांचे म्हणणे. दोन मतांत हजारो नाही तरी अनेक शतकांचे अंतर आहे. या वस्तू थरांची नोंद करीत, पायरीपायरीने बाहेर आल्या असत्या तर वादाला एवढी जागा उरली नसती. शेतकऱ्याचा यात काहीच दोष नाही. तो उत्खनन करीत नव्हता, शेतातले झुडूप काढत होता. वस्तू संग्रहालयात सुखरूप आहेत, पण त्या जमिनीत असतानाची अवस्था पुन्हा पाहता येत नाही.

आमच्या हातातला दुष्काळाचा फोटो याच जातीचा होता.

फिल्मवरची खिडकी

नोंद वहीत केली की वही आणि फोटो यांची ताटातूट होते. मग नोंद फोटोवरच का करू नये? हा विचार कोडॅक कंपनीने १९१४ मध्ये प्रत्यक्षात आणला. हेन्री गाइसमन नावाच्या संशोधकाची ही कल्पना कंपनीने तीन लाख डॉलरला विकत घेतली होती. कॅमेऱ्याच्या पाठीला एक छोटी खिडकी असे. ती उघडायची, आतल्या कागदावर धातूच्या टोकदार लेखणीने दाबून ‘अमुक गाव, अमुक तारीख’ असे लिहायचे आणि काही सेकंद खिडकी उजेडाकडे धरायची. फिल्म आणि तिच्यामागचा कागद यांच्यामध्ये कार्बनसारखा पातळ थर असे. लिहिले तेथून प्रकाश आत जाई आणि दोन चित्रांमधल्या मोकळ्या पट्टीत अक्षरे उमटत. युक्ती छान होती, पण १९३२ मध्ये ती बंद झाली. फोटो काढताना थांबून लिहिण्याचा कंटाळा लोकांनी केला असावा, असा आमचा तर्क. तो कंटाळा अजून गेलेला नाही.

त्यानंतरची कित्येक दशके लिखाण फोटोच्या पाठीवरच राहिले. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत फोटोमागे टंकलिखित चिठ्ठी चिकटवत. घरोघरच्या अल्बममध्ये तेवढेही नसे, कारण घरातल्या सगळ्यांना सगळे ठाऊक असे. ठाऊक असणारी पिढी गेल्यावर अडचण कळते.

फाइलच्या पोटात

संगणकावर फोटो आले तसा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला, कारण फाइलला पाठ नसते. जगभरच्या वृत्तसंस्थांच्या आयपीटीसी या संघटनेने १९९१ मध्ये एक पद्धत ठरवली. मथळा, वर्णन, छायाचित्रकार, शहर, देश, तारीख यांसाठी फाइलमध्ये ठरावीक कप्पे ठेवायचे. हे कप्पे माणसाने भरायचे. पुढे १९९५ मध्ये जपानी उद्योगांच्या संघटनेने एक्झिफ ही दुसरी पद्धत आणली. हे कप्पे कॅमेराच भरतो. कॅमेऱ्याचे नाव, प्रकाश किती वेळ आत घेतला, भिंगाचे छिद्र केवढे होते, तारीख व वेळ आणि सोय असेल तर अक्षांश-रेखांश. २००१ मध्ये अडोबी कंपनीने एक्सएमपी ही तिसरी, अधिक लवचीक पद्धत आणली. आज एकाच फोटोत तिन्ही नांदत असतात.

मराठी शिक्षकांना यातली एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. एक्झिफमधला वर्णनाचा कप्पा मुळात फक्त रोमन अक्षरांसाठी होता. त्यात देवनागरी नीट लिहिण्याची सोय २०२३ च्या आवृत्तीत झाली. जुन्या आयपीटीसीमध्ये शहराच्या नावाला ३२ बाइट एवढीच जागा होती. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण ही सगळी वेगवेगळी चिन्हे. ‘अहिल्यानगर’ लिहायला १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट लागतात. जेमतेम बसले! ‘छत्रपती संभाजीनगर’ला मधल्या मोकळ्या जागेसह ४९ बाइट लागतात, ते बसत नाही. वर्गात फळ्यावर आपापल्या गावाचे नाव घेऊन हा हिशेब करून पाहावा. मुलांना जोडाक्षरांचीही उजळणी होते. एक्सएमपीमध्ये ही अडचण नाही, म्हणून मराठी वर्णन तेथे लिहावे.

आता अक्षांश-रेखांशांकडे वळू. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. चार किंवा अधिक उपग्रहांच्या संदेशांना पोहोचायला किती वेळ लागला यावरून मोबाइल आपले स्थान काढतो. २ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत चुके. आज मोकळ्या आभाळाखाली चांगला मोबाइल पाच-दहा मीटरपर्यंत बरोबर असतो. घाटात, दाट झाडीत किंवा इमारतींच्या गर्दीत तो जास्त चुकतो.

हे आकडे जमिनीवर उतरवून पाहू. नगर शहर साधारण १९ अंश ५ मिनिटे उत्तर आणि ७४ अंश ४४ मिनिटे पूर्व येथे आहे. आपल्या जिल्ह्यात अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर आणि रेखांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे २९ मीटर. वीस गुंठ्यांचा चौरस तुकडा घेतला तर त्याची बाजू ४५ मीटर येते. शंभर मीटरची चूक झाली की आपण शेजाऱ्याच्या नव्हे, त्याच्याही शेजाऱ्याच्या शेतात पोहोचतो! भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या नावाच्या गोलाभावर आधारलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ हा दुसरा गोलाभ वापरते. जुन्या नकाशावरचे आकडे तसेच मोबाइलमध्ये घातले तर आपल्या भागात शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो. म्हणून आकड्यांबरोबर आधार कोणता तेही लिहावे लागते.

याहून मोठी चूक आकड्यांची अदलाबदल करण्याची. मुलांना हे करून पाहायला सांगा. अक्षांशाच्या जागी ७४.७४ आणि रेखांशाच्या जागी १९.०९ घाला. आपले नगर थेट आर्क्टिक प्रदेशात, नॉर्वेच्या ताब्यातील बेअर बेटाच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर समुद्रात जाते. दोन्ही कप्पे शून्य राहिले तर फोटो आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात पडतो. यंत्राने भरलेला आकडा आपण सहसा तपासत नाही, हे यातले खरे दुखणे. तारखेचेही तसेच. बॅटरी काढली की काही कॅमेऱ्यांचे घड्याळ मूळपदावर जाते आणि पुढचे सगळे फोटो भलत्याच वर्षाचे होतात.

शिवाय आकडा सांगतो तो कॅमेरा कुठे होता ते. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकावर उभे राहून खालच्या दरीचा फोटो घेतला तर मोबाइल नोंदवील तो अकोले तालुका, आणि फोटोत दिसेल ते ठाणे जिल्ह्यातले कोकण. बारी गावातून घेतलेल्या कळसूबाईच्या फोटोवर बारीचा आकडा येईल, १६४६ मीटर उंचीच्या शिखराचा नाही. आयपीटीसीने यासाठी पुढे ‘फोटो घेतल्याचे ठिकाण’ आणि ‘फोटोत दिसणारे ठिकाण’ असे दोन वेगळे कप्पे केले. दुसरा कप्पा माणसालाच भरावा लागतो.

पुरावा म्हणून फोटो

ही चर्चा केवळ हौशी छायाचित्रकारांची राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठ्याने गाव नमुना १२ मध्ये पिकाची नोंद करायची. आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो घेतो आणि त्याबरोबर अक्षांश-रेखांश जातात. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत गटाच्या मध्यबिंदूचे स्थानही घातले गेले. शेतकरी मध्यबिंदूपासून फार दूर उभा असेल तर मोबाइल तसे सांगतो. दोन-चार आकडे सात-बाऱ्याच्या नोंदीला आधार देतात, आणि पीक बुडाल्यावर तीच नोंद कामाला येते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हे जमत नाही म्हणून शाळकरी नात बांधावर जाऊन फोटो घेते, हे दृश्य आम्ही एकाहून जास्त गावांत पाहिले. आकड्यांचा अर्थ तिला माहीत असायला हवा. रोजगार हमीच्या कामांवरही अशीच पद्धत आहे. २०१६ पासून पुरी झालेली कामे इस्रोच्या ‘भुवन’ नकाशावर फोटोसह दिसू लागली आणि नंतर कामाआधी, काम चालू असताना आणि काम झाल्यावर असे तिन्ही वेळचे फोटो घेण्याचे ठरले.

काही ठिकाणी मात्र आकडा झाकून ठेवणेच शहाणपणाचे. नगर आणि सोलापूर जिल्ह्यांत मिळून १९७९ साली माळढोक अभयारण्य झाले. माळढोकासारख्या दुर्मिळ पक्ष्याचा फोटो आकड्यांसह सर्वांसाठी उघडा ठेवणे म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणे. घरी काढलेल्या मुलांच्या फोटोंनाही हेच लागू आहे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून जाते. दस्तऐवज म्हणून पाठवला तर टिकते. शाळेच्या संग्रहासाठी फोटो मागवताना हा फरक पालकांना सांगावा लागतो.

पुन्हा तो फोटो

आता कपाटातल्या फोटोकडे येऊ. शिक्षकांनी त्याची प्रत काढून गावोगावी दाखवली. शेवटी एका आजींनी तो ओळखला. त्यांनी माणसे ओळखली नाहीत, आधी टेकडी ओळखली. “ही खोंड खाली बसल्यावानी दिसती ना, ती आमच्या वस्तीवरून अशीच दिसती,” असे त्या म्हणाल्या. पदर उडालेली बाई त्यांची जाऊ. बांध पाझर तलावाचा. मजुरीबरोबर सुकडी मिळायची, घरी लाल मिलोच्या भाकरी असायच्या, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे दुष्काळ बहात्तरचा.

मग नववीची मुले फोटो घेऊन टेकडीसमोर गेली. फोटोत टेकडीच्या उजव्या खांद्याबरोबर पुढचा एक मोठा धोंडा येतो. धोंडा अजून तेथेच आहे. खांदा आणि धोंडा एका रेषेत दिसेपर्यंत मुले डावी-उजवीकडे सरकली, नंतर फोटोतल्याएवढे अंतर दोघांत दिसेपर्यंत मागे-पुढे झाली. जेथे दोन्ही जुळले तेथे त्यांनी मोबाइल धरून स्थान पाच वेळा नोंदवले. पाचही आकडे थोडे थोडे वेगळे आले. मुलांनी त्यांची सरासरी काढली. त्या जागेवरून आता बांध दिसत नाही, मध्ये बाभळी वाढल्या आहेत.

वर्षाचे मात्र पक्के जमले नाही. “थोरला तवा पोटात होता,” असे आजी म्हणाल्या. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये थोरल्याची जन्मतारीख पाहिली: १ जून १९७३. आपल्यापैकी अनेकांना ही तारीख ओळखीची वाटेल. त्या काळी पटावर निम्म्या मुलांचा जन्म १ जूनचाच असे, कारण प्रवेश देताना गुरुजींना काहीतरी तारीख लिहावीच लागे. कॅमेऱ्याचे घड्याळ मूळपदावर जाते तसेच हे. तेव्हा मुलांनी फाइलच्या वर्णनात असे लिहिले: ‘पाझर तलावाचे दुष्काळी काम. बहुधा १९७२-७३. ठिकाण टेकडीच्या रेषेवरून काढले आहे. माहिती वस्तीवरील आजींनी दिली. डावीकडून सातवी बाई त्यांची जाऊ. बाकीच्यांची नावे विचारत आहोत.’